साडेतीनशे रुपये आणि टाकून दिलेले तीन आकडे

“मॅडम, माझं साडेतीनशे जास्त येतंय.”

पिग्मी एजंटचा फोन आला की बहुतेक वेळा काहीतरी कमी पडलेलं असतं. जास्त पडल्याचा फोन तोवर मला कधी आला नव्हता, त्यामुळे क्षणभर हसूच आलं. मग आवाजावरून कळलं की माणूस घाबरलाय. दिवसभर बाजारपेठेत दुकानोदुकानी फिरून आणलेले पैसे त्याने कॅशियरपुढे मोजून ठेवले होते, आणि संगणकातून निघालेल्या स्लिपवरची बेरीज त्याहून साडेतीनशेने कमी होती. पतसंस्थेच्या हिशेबात जास्तीची रोकड ही कमी रोकडीपेक्षा वाईट. कमी पडली तर एजंट खिशातून भरतो आणि विषय मिटतो. जास्त निघाली तर कुणाचे तरी पैसे घेतले आणि नोंदच केली नाही, असा अर्थ होतो. तो ‘कुणी तरी’ ज्या दिवशी पासबुक घेऊन काउंटरला येईल, त्या दिवशी एजंटची अब्रू जाते.

तारीख १४ ऑगस्ट २०२३, सोमवार. दुसऱ्या दिवशी सुट्टी. मी कोल्हापुरात एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत काम करते आणि पतसंस्थांची सॉफ्टवेअरं हेच आमचं पोटपाणी. “बघते काका, उद्यापर्यंत सांगते,” असं म्हणून फोन ठेवला आणि घरी निघायला बंद केलेला लॅपटॉप परत उघडला.

मूळ डेटाबेसमध्ये दोन्ही नोंदी जागच्या जागी होत्या. एका भेळवाल्याचे दोनशे, एका चपलांच्या दुकानाचे दीडशे. पैसे सुरक्षित होते, एजंट निर्दोष होता. गडबड होती ती डेटाच्या प्रतीमध्ये. स्लिपा, पासबुकं आणि रिपोर्ट यांच्या ओझ्याने काउंटर अडू नये म्हणून आम्ही मूळ डेटाची एक प्रत वेगळी ठेवतो, आणि दर मिनिटाला एक छोटा प्रोग्रॅम नव्या नोंदी इकडून तिकडे नेतो. मागच्या फेरीत जी शेवटची नोंद नेली तिची वेळ तो लक्षात ठेवतो आणि पुढच्या फेरीत त्या वेळेनंतरचं सगळं मागतो. हा प्रोग्रॅम कुणी लिहिला होता? मीच.

इथे जरा थांबून वेळेच्या आकड्याबद्दल सांगायला हवं. संगणक तारीख-वेळ ठेवतो ती बहुतेकदा एका मोजणीच्या रूपात. १ जानेवारी १९७० ची ग्रिनिचची मध्यरात्र, म्हणजे आपली पहाटेची साडेपाच, हे शून्य. तिथून आजवर किती काळ लोटला तो आकडा म्हणजे टाइमस्टॅम्प. इथवर सगळे एकमताचे आहेत. भांडण पुढे आहे, मोजायचं माप कुठलं यावर. युनिक्सची जुनी रीत सेकंदांची. जावास्क्रिप्ट ही प्रोग्रॅमिंगची भाषा मिलिसेकंदात मोजते, म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. पोस्टग्रेस हा डेटाबेस मायक्रोसेकंद ठेवतो, दशलक्षावा भाग (आणि आतल्या आत तो १ जानेवारी २००० पासून मोजतो, पण ते त्याचं घरगुती प्रकरण). जावा ही दुसरी भाषा आता नॅनोसेकंदापर्यंत जाते, अब्जाव्या भागापर्यंत. आमचं मूळ डेटाबेस पोस्टग्रेस, ने-आण करणारा प्रोग्रॅम जावास्क्रिप्टमध्ये, नोडवर (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली). चिपट्याने मोजलेलं धान्य वहीत फक्त पायलीत लिहायचं ठरवलं, तर उरलेली चिपटी कुणाच्या घशात जातात, असा हा प्रश्न.

नोडमध्ये पोस्टग्रेसशी बोलायला जी लायब्ररी, म्हणजे तयार कोड, सगळे वापरतात, ती वेळेचा रकाना वाचते आणि त्याचा जावास्क्रिप्टचा ‘डेट’ करून देते. ‘डेट’मध्ये मिलिसेकंदापुढे जागा नाही. मग ०.६५४३२१ सेकंदातले ६५४ राहतात आणि ३२१ जातात. ना चूक दाखवली जाते, ना कुठे इशारा. दस्तऐवजात हे लिहिलेलं असतं. वाचलं नव्हतं ते मी.

आता याचा पहिला परिणाम असा की शेवटची नोंद ६:३०:००.६५४३२१ ची असेल, तर प्रोग्रॅम लक्षात ठेवतो ६:३०:००.६५४. पुढच्या फेरीत “याच्या नंतरचं दे” म्हटलं की तीच नोंद परत येते, कारण .६५४३२१ हे .६५४ पेक्षा मोठंच आहे. मिनिटामिनिटाला, रात्रभर, एकच नोंद परत परत. प्रतीत तीच नोंद त्याच जागी पुन्हा लिहिली जायची, त्यामुळे बिघडत काही नव्हतं. पण लॉगमध्ये ‘१ नोंद नेली, १ नोंद नेली’ अशी जपमाळ चालायची. तीन महिन्यांपूर्वी मला ती खटकली. तेव्हा कारण नीट शोधायला हवं होतं. मी काय केलं, तर लक्षात ठेवलेल्या वेळेत एक मिलिसेकंद मिळवला. .६५४ चं .६५५. जपमाळ थांबली. मी स्वतःवर खूश होऊन चहा प्यायले होते, हेही आठवतंय.

ते एक मिलिसेकंद त्या संध्याकाळी महागात गेलं. प्रोग्रॅम एका वेळी २०० नोंदींचीच पिशवी भरतो. एरवी मिनिटाला पाच-पंचवीस नोंदी असतात, पिशवी अर्धीही भरत नाही. पण संध्याकाळी सहा-साडेसहाला सगळे एजंट एकदमच येतात, आपापली मशीनं लावून दिवसभराच्या नोंदी उतरवतात, आणि त्यात उद्या सुट्टी. सर्व्हरवर एका मिलिसेकंदात दोन-तीन नोंदी पडत होत्या. पिशवीतली दोनशेवी नोंद होती .६५४३२१ ची. तिच्यामागे त्याच मिलिसेकंदात आणखी दोन उभ्या होत्या, भेळवाला आणि चपलांचं दुकान. पुढची पिशवी सुरू झाली .६५५ पासून. दोघं मधल्या फटीत पडले.

म्हणजे तीन महिन्यांत असं आणखी किती वेळा झालं असेल? हा विचार आला तेव्हा पोटात गोळा आला. मूळ आणि प्रत यांच्या नोंदी रात्री एकास एक ताडून पाहिल्या. हातावर मोजण्याइतक्या निघाल्या, सगळ्या गर्दीच्या संध्याकाळच्या. त्या भरल्या, एजंटला फोन केला. “म्हणजे माझी चूक न्हवती ना?” एवढंच त्याने विचारलं. नव्हती म्हटल्यावर त्याने बाकी काही ऐकून घेतलं नाही. मायक्रोसेकंद म्हणजे काय हे सांगायची माझी केवढी तयारी झाली होती.

दुरुस्ती सोपी वाटत होती: तीन आकडे हरवतात, ते हरवू द्यायचे नाहीत. त्यावर माझे दोन दिवस गेले.

पहिला बेत असा की ‘डेट’च्या वाटेलाच जायचं नाही. पोस्टग्रेसलाच सांगायचं, १९७० पासूनचे सेकंद दशांशासकट दे. त्याने दिले, १६९२०१८०००.६५४३२१. सहाही आकडे डोळ्यांसमोर. मग मी पूर्ण सेकंद वेगळे काढले, दशांशाचा भाग वेगळा, त्याला दहा लाखांनी गुणलं आणि खालचा पूर्णांक घेतला. आला ६५४३२०. एक कमी. दुसरी नोंद बरोबर, तिसरी बरोबर, चौथी परत एकने कमी. जवळपास निम्म्या नोंदींचा एक मायक्रोसेकंद उडत होता आणि स्क्रीनवर मूळ आकडा छापला तर तो अगदी बरोबर दिसत होता.

याची गंमत कळायला मला वही-पेन घ्यावं लागलं. दशांशाचा आकडा जावास्क्रिप्ट ६४ बिटांत, म्हणजे शून्य-एकच्या ६४ घरांत ठेवते, त्यातले ५३ बिट आकड्याच्या नेमकेपणाला मिळतात. १६९ कोटी एवढ्या मोठ्या पूर्णांकालाच ३१ बिट लागतात. दशांशासाठी उरले २२. दोनाचा बाविसावा घात म्हणजे सुमारे ४२ लाख, म्हणजे एका सेकंदाचे फक्त ४२ लाख तुकडे करता येतात, एकेक पाव मायक्रोसेकंदाहून किंचित लहान. .६५४३२१ हा आकडा त्या तुकड्यांवर नेमका बसत नाही. सगळ्यात जवळचा तुकडा येतो ०.६५४३२०९५५ च्या आसपास. छापताना संगणक सभ्यपणाने त्याचा जवळचा सुटसुटीत आकडा छापतो, .६५४३२१. पण गुणून खालचा पूर्णांक घेतला की सभ्यपणा संपला आणि ६५४३२० हातात आलं. दोष त्या आकड्याचा नव्हताच. आधी पूर्णांक कापून मग उरलेला तळ घासून काढायची पद्धत माझी होती. जवळच्या पूर्णांकाला नेलं असतं तर निभावलं असतं. (आमचं पोस्टग्रेस तेव्हा १३ होतं. १४ पासून हाच आकडा तो दशमान पद्धतीने, अचूक देतो. पण तो जावास्क्रिप्टमध्ये आणून दशांशातच ठेवला की आपण परत तिथेच.)

दुसरा बेत शेजारच्या टेबलावरच्या मुलाचा. त्याचं म्हणणं, दशांशाची भानगडच नको. नॅनोसेकंद घे, पूर्णांक आहे, पूर्णांकात कसली आलीय घट? बरोबर वाटलं. मूळ बाजूने १६९२०१८०००६५४३२१००० असा एकोणीस आकडी पूर्णांक जेसनमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम एकमेकांना माहिती पाठवतात त्या मजकुराच्या साच्यात, पाठवला. इकडे वाचला, छापला, तोच दिसला. मग हजाराने भागून मायक्रोसेकंद काढण्यासाठी त्याचा बिगइंट (कितीही मोठा पूर्णांक ठेवणारा प्रकार) केला, तर आत निघालं १६९२०१८०००६५४३२०८९६. भागल्यावर शेवट ६५४३२०. पुन्हा तोच एक मायक्रोसेकंद, अगदी वेगळ्या वाटेने!

कारण पुन्हा तेच ५३ बिट. जेसन वाचताना जावास्क्रिप्ट पूर्णांकही त्याच पेटीत ठेवते. सुमारे ९० कोटी कोटींपलीकडे, नेमकं सांगायचं तर ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढे, तिला प्रत्येक पूर्णांक ओळखता येत नाही. आजच्या तारखेचे नॅनोसेकंद त्याच्या कैक पट पुढे आहेत आणि तिथे ती २५६ च्या उड्या मारत चालते. ९ वाजून शून्य नॅनोसेकंदांनंतर थेट २५६ वा नॅनोसेकंद, मधले तिच्या लेखी नाहीत. मायक्रोसेकंद मात्र त्या मर्यादेच्या बरेच आत आहेत. ते पूर्णांक म्हणून पाठवले असते तर काहीच हरवलं नसतं. माप जितकं बारीक तितकं काम नेमकं, हा आमचा दोघांचाही भाबडेपणा.

याच उड्या या ६४ बिटांच्या पेटीच्या (तिला फ्लोट म्हणतात) धाकट्या, ३२ बिटांच्या भावात केवढ्या होतात ते मी कुतूहल म्हणून काढलं. आजचे सेकंद त्यात ठेवले तर उडी १२८ सेकंदांची. दोन मिनिटं आठ सेकंद. तारखेचा रकाना चुकून त्या प्रकारचा केला, तर गावातले सगळे व्यवहार दोन-दोन मिनिटांच्या गठ्ठ्यांत झालेले दिसतील.

शेवटी जे केलं ते दिसायला अगदीच मामुली. क्वेरीतच, म्हणजे डेटाबेसला नोंदी मागतानाच, वेळेचा मजकूर करून घेतला. सहा आकड्यांसकट, ग्रिनिचच्या वेळेत, अक्षरशः अक्षरं. तो मजकूर प्रोग्रॅम जपून ठेवतो आणि पुढच्या फेरीत तसाच पोस्टग्रेसला परत देतो. मध्ये कुणी त्याचा आकडा करत नाही, ‘डेट’ करत नाही, त्याला हात लावत नाही. बेरीज-वजाबाकी करायचीच असेल तर मायक्रोसेकंदांचा बिगइंट. एवढंच. पाकिटात काय आहे हे हमालाला कळायची गरज नसते. मी मात्र हमालाला पाकीट उघडून नोटा परत मोजायला लावत होते, तेही शंभराच्या पटीत.

सरांना, म्हणजे आमच्या कंपनीच्या मालकांना, हे सगळं उत्साहाने दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “एकाच मायक्रोसेकंदाला दोन नोंदी पडल्या तर?”

पडू शकतात.

“मग वेळ बघून रांग कशाला लावतेस? टोकन दे की.”

प्रत्येक नोंदीला चढता क्रमांक होताच. मग वेळ आणि क्रमांक अशी जोडी लक्षात ठेवायला लागले: वेळ पुढची, किंवा वेळ तीच आणि क्रमांक पुढचा. त्यांनी आणखी एक पाचर मारली. आधीच्या वेळेचा शिक्का पडलेला व्यवहार पक्का व्हायला उशीर लागला आणि मागून आलेला आधी पक्का झाला, तर? तेव्हा माझा प्रोग्रॅम मागच्याला घेऊन पुढे सरकणार आणि आधीचा कायमचा सुटणार. इथे मायक्रोसेकंद असोत की क्रमांक, कशाचाही उपयोग नाही. म्हणून आता दर फेरीला मागची पाच मिनिटं पुन्हा वाचली जातात. तीच नोंद परत आली तर जागच्या जागी लिहिली जाते. म्हणजे मला तीन महिन्यांपूर्वी जी जपमाळ खटकली होती, ती आता मुद्दाम चालू आहे, मोठ्या आवाजात.

मधल्या एका फजितीचा उल्लेख करते आणि पुढे जाते. हरवलेल्या नोंदींची यादी मी संस्थेच्या अकाउंटंट काकांना पाठवली होती, वेळा मिलिसेकंदांसकट, साध्या सीएसव्ही फाइलमध्ये (स्वल्पविरामांनी तोडलेला नुसता मजकूर). त्यांनी ती एक्सेलमध्ये उघडली, शेवटी ‘तपासले’ असा रकाना घातला, सेव्ह केली आणि परत पाठवली. वेळेच्या रकान्यात तारीखही नाही आणि तासही नाही. १८:३०:००.६५४ च्या जागी ३०:००.७. मिलिसेकंदांची वेळ दिसली की एक्सेल ती मिनिटं, सेकंद आणि एक दशांश अशीच दाखवतं, आणि सीएसव्ही म्हणून सेव्ह करताना जे दिसतंय तेच लिहितं. काकांनी काही वावगं केलं नव्हतं. तेव्हापासून माणसांना पाठवायच्या फाइलमध्ये मी सेकंदांपुढे जात नाही.

हे प्रकरण इथे संपलं असं मी धरून चालले होते. मग आला ३१ मे २०२४.

संस्था सभासदांना वाढदिवसाचा मेसेज पाठवते. महाराष्ट्रातल्या कुठल्याही संस्थेला १ जून हा दिवस ठाऊक असतो. जुन्या पिढीत जन्मतारीख सांगता येईना, तर शाळेत नाव घालताना मास्तर सरळ १ जून लिहून टाकायचे. त्यामुळे त्या दिवशी आमच्या मेसेजच्या खात्यातली शिल्लक निम्म्यावर येते. त्या वर्षी ३१ मे लाच दुपारी संस्थेतून फोन: काही म्हाताऱ्या सभासदांना एक दिवस आधीच शुभेच्छा गेल्यात. एकाने तर येऊन भांडण काढलंय. मेसेजचं त्याला काही नव्हतं. पण मेसेज चुकला म्हणून त्याने सभासदत्वाचा उतारा मागितला, आणि त्यावरही जन्मतारीख ३१ मे. आधारवर १ जून. “उद्या केवायसीत अडकलो म्हंजे?” त्याचं बरोबर होतं.

यादी काढली. ज्यांना चुकीचा मेसेज गेला त्यांची जन्मवर्षं १९४३, १९४४ आणि १९४५. १९४६ चा एकही नाही. १९४० चा एकही नाही. आणि १९४२ च्या १ जूनवाल्यांनाही काही झालेलं नाही. एका तारखेचे लोक, मधली तीनच वर्षं गोत्यात. इतका विचित्र नमुना मी आधी कधी पाहिला नव्हता. पहिला संशय वजा आकड्यांवर गेला, कारण १९७० च्या आधीच्या तारखा शून्याच्या मागे, उणे चिन्हाने मोजल्या जातात आणि तिथे भागाकाराची गोलाई उलट दिशेला जाऊ शकते. पण मग १९५० चे लोकही सापडले असते.

इतर महिन्यांतल्या तारखा तपासल्या तेव्हा कडा दिसायला लागल्या. १९४१ च्या ऑक्टोबरपासून घोळ सुरू. १९४२ च्या मे महिन्याच्या मध्यावर बंद. सप्टेंबरात परत सुरू. १९४५ च्या ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, आणि मग कायमचा बंद.

१९४५. मग डोक्यात प्रकाश पडला. महायुद्ध.

जगभरातल्या संगणकांकडे टाइमझोनची एक सामाईक यादी असते, कुठल्या भागात कुठल्या काळात घड्याळ ग्रिनिचपेक्षा किती पुढे होतं त्याची. त्यात भारताचं पान ‘एशिया/कोलकाता’ या नावाने आहे. आपण धरून चालतो की भारत म्हणजे साडेपाच तास, विषय संपला. उन्हाळी वेळ, हिवाळी वेळ ही परदेशातली कटकट. पण त्या पानावर युद्धकाळातले दोन तुकडे आहेत, १ ऑक्टोबर १९४१ ते १५ मे १९४२ आणि १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५. या काळात घड्याळं आणखी तासभर पुढे, म्हणजे साडेसहा तास. १९४२ च्या १ जूनचे लोक वाचले ते मधल्या साडेतीन महिन्यांत घड्याळं परत मागे आली होती म्हणून!

आमच्याकडे झालं होतं ते असं. जुन्या प्रणालीतून सभासदांची माहिती आणताना पायथॉनच्या एका स्क्रिप्टने प्रत्येक जन्मतारखेची भारतीय मध्यरात्र धरली आणि तिचा टाइमस्टॅम्प केला. टाइमझोनची यादी तिला पाठ असल्यामुळे १ जून १९४३ च्या मध्यरात्रीतून तिने साडेसहा तास वजा केले: ग्रिनिचची ३१ मे, संध्याकाळचे साडेपाच. अगदी बरोबर. दुसऱ्या टोकाला रिपोर्टची एक जुनी क्वेरी होती. तिच्यात कुणीतरी हाताने १९८०० मिळवले होते, साडेपाच तासांचे सेकंद. ३१ मे, साडेपाच अधिक साडेपाच, रात्रीचे अकरा. मग वेळ टाकून नुसती तारीख छापली की ३१ मे. एक तास कमी पडला आणि अख्खा दिवस गेला. मागच्या वर्षी मी मायक्रोसेकंदासाठी जीव काढला होता. इथे तीच चूक आठ हजार सहाशे चाळीस कोटी पट मोठी होऊन आली होती.

ती क्वेरी दुरुस्त करणं दहा मिनिटांचं काम होतं. तिलाही टाइमझोनचं नाव द्यायचं की झालं. पण मला ते करावंसं वाटेना. कारण खोलात गेलं की हसू येत होतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एखाद्या वाडीत १९४३ साली घड्याळ किती जणांकडे असेल? मुंबईत तर शहराची स्वतःची वेळ होती, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. भारताची प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली, तरी मुंबईने आपलं घड्याळ स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं सोडलं नव्हतं, आणि ‘एशिया/कोलकाता’च्या पानाला त्याचा पत्ताच नाही. अशा काळातल्या, मास्तरांनी अंदाजाने लिहिलेल्या तारखेची आम्ही मध्यरात्र ठरवली होती, तिचे ग्रिनिचपासूनचे मिलिसेकंद काढले होते आणि ते जिवापाड जपून ठेवले होते. पिग्मीची नोंद हा एक क्षण असतो. तो कुठल्या तरी मायक्रोसेकंदाला घडतो. जन्मतारखेत क्षण नसतोच. ती वहीतल्या पानावरचे तीन आकडे असते, दिवस, महिना, वर्ष.

म्हणून रकानाच बदलला. पोस्टग्रेसमध्ये नुसत्या तारखेचा वेगळा प्रकार आहे, त्यात वेळ नाही, टाइमझोन नाही. जुन्या फाइलमधून तारखा पुन्हा भरल्या, या वेळी मध्ये टाइमस्टॅम्प न करता. जावास्क्रिप्टच्या बाजूला मात्र परत तीच जुनी सवय आडवी आली. तिथल्या लायब्ररीने नुसत्या तारखेचाही मध्यरात्रीचा ‘डेट’ करून दिला, आणि जेसनमध्ये जाताना तो ग्रिनिचचा होऊन पुन्हा आदल्या दिवसावर गेला. या खेपेला सगळेच सभासद एक दिवस आधी जन्मले. सुदैवाने हे आमच्या चाचणीच्या मशीनवर झालं. तिथेही तारीख मजकूर म्हणूनच आणायला सांगितलं आणि ठेवीची मुदत, कर्जाचा हप्ता, जन्म, वारसाची नोंद असे जिथे जिथे ‘दिवस’ आहेत ते सगळे रकाने एकेक करून तपासले. मुदत ठेवीच्या रकान्यात असाच घोळ निघाला नाही, कारण १९४३ ची मुदत ठेव आता कुणाची उरलेली नाही.

नवीन उतारा द्यायला मी स्वतः गेले. तिकडे दुसरं कामही होतं. भांडण काढलेले आजोबा बाकावर बसले होते, टोपी मांडीवर. उतारा हातात दिला. त्यांनी चष्मा वर करून, कागद लांब धरून तारीख वाचली. ०१/०६/१९४३.

मी म्हटलं, “आजोबा, माफ करा, आमच्या प्रोग्रॅममध्ये घोळ होता. आता बरोबर आहे ना?”

“बरोबर कुठलं, पोरी. आई सांगायची, तू नागपंचमीच्या आदल्या दिवशी झालास. भर पावसात.” कागदाची घडी घालत ते म्हणाले, “पण मास्तरांनी लिवलीय तीच ऱ्हाऊ दे. आता ऐंशी वर्षं तीच चाललीय.”

आणि माझ्याकडून घडी घातलेल्या कागदाची झेरॉक्स मागून घेतली. दोन.